ओट्यावरची अक्षरं

शनिवारी शाळेत पालकसभा होती. तिसरी 'ब'च्या वर्गात धम्मदीना सकाळपासून खुर्चीला खिळून बसली होती आणि समोर येणाऱ्या प्रत्येक आईबापाला तेच सांगत होती. "अलग से पढ़ाने मत बैठिए. घर के काम में ही सिखाइए. सब्जी लाए तो गिनवाइए, दुकान का बोर्ड पढ़वाइए." आया मान डोलवायच्या, बाप मोबाइलकडे बघत "जी मॅडम" म्हणायचे आणि उठून जायचे. डोक्यावर पंखा खडखडत होता. त्या खडखडाटाच्या वरून बोलताना तिचा घसा खरवडून निघत होता. पावसाळा लागल्यापासून आवाज बसलेलाच होता. झोपताना हळदीचं दूध, उठल्यावर गुळण्या, आणि दुसऱ्या तासापर्यंत पुन्हा तोच फाटका आवाज.

मधल्या वेळात शिपाई दारात आला. "दीना मॅम, पहिली 'अ' में रुची मॅम बुला रही हैं."

हे बोलावणं येणार हे तिला ठाऊक होतं. तिचा मुलगा मानस त्याच शाळेत पहिलीला होता. आजच्या दिवशी तिला टेबलाच्या दुसऱ्या बाजूलाही बसायचं होतं.

पहिलीच्या वर्गातला बाक इतका बुटका की तिचे गुडघे छातीशी आले. समोर बसलेली रुची तिच्याहून बरीच लहान. नोकरीला लागली तेव्हा वर्ग कसा सांभाळायचा, हजेरी घेताना नजर कुठे ठेवायची, हे तिला दीनानेच शिकवलं होतं. म्हणून रुची आता मानसच्या वहीची पानं उगाच पुढे-मागे करत होती.

"ताई, अक्षरं ओळखतो तो," रुची शेवटी म्हणाली. "पण जोडता नाही येत. 'क', 'म', 'ल' वेगळं वेगळं सांगतो, आणि मग चित्राकडे बघून 'फूल' म्हणून टाकतो. वर्गात तोंड पण नाही उघडत. मतलब, मला माहिती आहे तुम्हाला टाइम नसतो..."

"नसतो," दीना म्हणाली.

रुचीने एक कागद पुढे सरकवला. सगळ्याच पालकांना ती तो देत होती. 'घर पर करने योग्य गतिविधियाँ.' डाळी वेगळ्या करा, वाटीने तांदूळ मोजा, मोज्यांच्या जोड्या लावा. हा कागद दोन वर्षांपूर्वी दीनानेच बनवला होता. कोपऱ्यात तिनेच काढलेलं वाटीचं चित्र होतं. झेरॉक्सची झेरॉक्स होत होत त्या वाटीचा आता बेडूक झाला होता. दोघींनी तो बेडूक पाहिला. दीनाने कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि आपल्या वर्गात परत गेली, कारण बाहेर अजून पालक थांबले होते.

धम्मदीना महूची. तिचे वडील चांगदेव इंगळे फौजेत क्लार्क होते आणि रिटायर होऊन महूलाच राहिले. बी.एड. झाल्यावर ती इंदूरला नोकरीला लागली, मग बुद्धरत्नशी लग्न झालं, आणि दोघांनी सुदामा नगरात एका जुन्या घराचा खालचा मजला भाड्याने घेतला. बुद्धरत्न मानपुरच्या अलीकडे हायवेवरच्या एका गोदामात सुपरवायझर होता. उजाडायच्या आत निघायचा, दिवेलागणीनंतर यायचा. सुट्टी मंगळवारी, म्हणजे घरात कुणी नसायचं तेव्हा. बाकी सगळं दीनाकडे. डबे, स्कूटरवर पुढे मानस, मागे वह्यांचा गठ्ठा, शाळा, शाळेतून परत, स्वयंपाक, वह्या तपासणं. ओटा पुसून झाला की ती त्याला टेकून नुसतीच उभी राहायची. बसली तर उठणं व्हायचं नाही, अशी तिला भीती वाटायची.

मानसशी ती बोलत नव्हती असं नाही. पण दिवसभर वर्गात बोलून आल्यावर घरी उरायचं ते इतकंच: चप्पल जागेवर ठेव, हात धू, जेव, होमवर्क काढ, झोप. हे सगळं तिच्या वर्गातल्याच सुरात यायचं, कारण दुसरा सूर काढायला वेगळी ताकद लागते. शाळेच्या गेटच्या आत आपल्याला 'मॅम' म्हणायचं, हा नियमही तिनेच त्याला घालून दिला होता. बाकीच्या मुलांना लाडावलेला वाटू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. बुद्धरत्न कामावर गेलेला. दीनाने भेंडीची पिशवी ओट्यावर ओतली आणि मानसला स्टुलावर उभं केलं. कागदात लिहिलं होतं तसंच ती करणार होती.

"चल, मोज बरं किती आहेत."

मानसने मोजलं. मध्येच एक आकडा गाळला.

"पुन्हा."

त्याने पुन्हा मोजलं. या वेळी दुसराच आकडा गाळला.

"लक्ष कुठे आहे तुझं? एकेकीला हात लावून मोज. बरं, राहू दे. भेंडीला पहिलं अक्षर कुठलं? भ. काढ बरं बोटाने. असा नाही, असा. गाठ कुठे गेली? 'भ' आहे का हा 'म' आहे? सांग ना. मानस, मी काय विचारून राहिले?"

आवाज चढत गेला, घसा चिरत गेला. मानस स्टुलावरून खाली उतरला. सरळ उभा राहिला, हात मागे बांधले, आणि खाली बघत म्हणाला, "मॅम, पानी पीने जाऊँ?"

"जा," ती सवयीने म्हणून गेली.

पाण्याचा माठ बाहेरच्या खोलीत होता. त्याच्या पेल्याचा आवाज आला. मग तो परत आला आणि स्वयंपाकघराच्या दारात थांबला. हात तसेच मागे. तो का थांबलाय हे तिच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. आत यायची परवानगी मिळेपर्यंत तो तिथेच उभा राहणार होता.

"अरे ये ना," ती म्हणाली. "मी मम्मी आहे इथे."

तो आत आला, पण स्टुलावर चढला नाही. तिने भेंडी एकटीनेच चिरली.

संध्याकाळी बुद्धरत्न जेवायला बसला तेव्हा तिने हे सांगितलं. तो थकलेला होता. वरणभात कालवता कालवता म्हणाला, "अगं, सहा वर्षांचा तर आहे. येईल अपने आप. तू बेकार टेन्शन घेते."

"अपने आप काही येत नाही. मी रोज पूर्ण वर्ग बघते. अपने आप आलेला एक पोरगा मला दाखव."

"मग मी काय करू, नोकरी सोडू?"

"मी म्हटलं का सोड?"

भांडायलाही अंगात जोर लागतो. तो ताट उचलून मोरीत ठेवून आला आणि टीव्ही न लावताच पलंगावर आडवा झाला.

पुढच्या आठवड्यात पंधरा ऑगस्टची तालीम होती. मैदानावर माइक नव्हता, आणि कवायतीची जबाबदारी दीनाकडे. सलग दोन दिवस ती दमट उन्हात ओरडत राहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने मानसला हाक मारायला तोंड उघडलं, तर नुसती हवा बाहेर आली. तिने पुन्हा जोर लावला. घशातून कागद फाटल्यासारखा आवाज आला आणि तोही थांबला.

बुद्धरत्नने त्या दिवशी अर्धी सुट्टी टाकली आणि तिला स्नेहलतागंजमधल्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी घशात कॅमेरा घातला आणि पडद्यावर तिलाच तिचा आवाज दाखवला. दोन पांढरट पट्ट्या आणि त्यांच्या कडांवर तांदळाच्या कणीएवढे दोन फुगवटे.

"टीचर ना?" डॉक्टर म्हणाले. "आमच्याकडे गाणारे कमी येतात, टीचर जास्त. आता बोलणं बंद. एकदम बंद. कुजबुजायचं पण नाही, त्याने उलट जास्त जोर पडतो. फोन नाही, ओरडणं तर सोडाच. काही आठवडे असंच. मग पुन्हा बघू. गाठी बसल्या तर बसल्या, नाहीतर ऑपरेशन."

परत येताना स्कूटरवर मागे बसून ती रडली असेल, तर ते बुद्धरत्नला कळलं नाही. आवाजच नव्हता.

शाळेने सुट्टी दिली. मुकी बाई वर्गावर काय करणार? मानससाठी शाळेची व्हॅन लावली. पहिल्या दिवशी तो दुपारी उतरला, तेव्हा दीना दारात उभी होती. त्याने विचारलं, "मम्मी, आता तू कधीच नाही बोलणार?" तिने मान हलवून नाही म्हटलं, मग हो म्हटलं, मग हाताने 'थोडे दिवस' असं काहीतरी केलं. त्याला काहीच कळलं नाही. तो दप्तर टाकून तिच्या मागे मागे स्वयंपाकघरात आला.

ती वरणाला फोडणी घालत होती. तेल तापलं, मोहरी तडतडायला लागली, आणि जिऱ्याचा डबा हाताशी नव्हता. तो खालच्या कप्प्यात, मानसच्या पायाशी होता. तिने बोट दाखवलं. मानसने कढई दाखवली. तिने चिमूट करून दाखवली. मानसने साखर उचलली. तेलातून धूर यायला लागला. तिने गॅस बारीक केला, मागे लटकवलेल्या पर्समध्ये हात घातला आणि जे हाताला लागलं ते बाहेर काढलं. खडूचा तुकडा होता. पर्समध्ये तो नेहमी असायचाच.

घर जुनं, ओटा काळ्या कडप्प्याचा. तिने त्यावर लिहिलं: जिरे.

मानस तिच्या तोंडाकडे बघायला लागला. वर्गात तो असंच करायचा. उत्तर मॅमच्या चेहऱ्यावर शोधायचा. "जलेबी?" तो म्हणाला. पण दीनाची पाठ वळली होती. मोहरी जळू नये म्हणून ती कढई खालीवर करत होती. चेहरा दिसत नव्हता, हुंकार येणार नव्हता, चित्र तर नव्हतंच. त्याला ओट्याकडेच बघावं लागलं.

"ज पे छोटी इ की मात्रा, जि," तो स्वतःशीच पुटपुटला. "र पे ए की मात्रा, रे. जि... रे." मग मोठ्याने ओरडला, "जीरा! मम्मी, जीरा!" आणि खाली वाकून डबा काढला.

तिला 'शाबास' म्हणता येत नव्हतं. 'अजून एकदा वाच' असंही म्हणता येत नव्हतं. तिने डबा घेतला, चिमूटभर जिरं तेलात टाकलं, चर्रर्र झालं आणि वास सुटला. मानस ओट्याला हनुवटी टेकून उभा राहिला. "अजून काय पाहिजे?" त्याने विचारलं.

तिने लिहिलं: मीठ.

बोलताना ती 'नमक'च म्हणायची. महू-इंदूरमध्ये जन्म घालवलेल्या माणसाला नमक आणि मीठ यांतला फरक जिभेवर राहत नाही. पण हातात खडू आला की तिच्या आईने शिकवलेलं मराठी आपोआप उतरायचं. मानसने ते अक्षर न अक्षर नीट लावून वाचलं आणि गुळाचा डबा आणून दिला. घाईत तिने न बघताच त्यातला खडाही टाकला, कारण तिचं लक्ष कुकरकडे होतं. चव घेतली तेव्हा वरण गोड. मानसने अभिमानाने सांगितलं, "मीठा टाकायचं लिहिलं होतंस तू."

तिला हसू आलं, पण हसतानाही घसा दुखायचा, म्हणून ती खांदे हलवत नुसती हलत राहिली. मानसने आधी घाबरून पाहिलं आणि मग तोही हसायला लागला. ते गोड वरण त्या दोघांनी आणि नंतर बुद्धरत्नने निमूटपणे खाल्लं.

नंतरचे दिवस असेच जात राहिले. ओट्यावर 'दार लाव' उमटायचं, 'वाटी दे', 'कांदे चार', 'गॅस बंद कर, हात जपून'. लांब वाक्य असलं की मानस मध्येच थकून बसायचा, आणि ती दुसरं काही करायला लागायची. ती शिकवत नव्हती. शिकवायचं तिच्या मनातही नव्हतं. अंगात तेवढी उमेद नव्हती, एवढंच. दुपारी ती बरीच झोपायची. इतक्या वर्षांची झोप एकदम वर आली होती. तो काय वाचतो, किती चुकतो, याकडे तिचं लक्ष तेव्हा जायचं जेव्हा कोथिंबिरीऐवजी कढीपत्ता हातात यायचा.

महूहून चांगदेवांचा रोज फोन यायचा. मुलीची तब्येत विचारायची आणि मुलगी तर बोलू शकत नाही, म्हणून फोन मानस घ्यायचा.

"विचार तिला, औषध घेतलं का?"

दीना ओट्यावर लिहायची. मानस फोन कानाला लावून एकेक अक्षर पलीकडे पोचवायचा. "घे... त... लं. आजोबा, घेतलं म्हणते. थांबा, अजून लिहून राहिली. का... ळ... काळजी. पुढचं मोठं आहे, थांबा हं." पलीकडे आजोबा थांबायचे. त्यांना घाई नव्हती. कधी कधी एका वाक्याला वरणाला उकळी येईपर्यंत वेळ लागायचा, आणि तोवर फोनवर नुसता श्वास ऐकू यायचा.

एका रविवारी ते स्वतः बसने आले. नातवाने ओट्यावरचं वाचून दाखवलं, तेव्हा ते खुर्ची ओढून तिथेच बसले. "तुला आठवतं का ग दीना," ते म्हणाले, "मी दाढी करताना तू मला पेपर वाचून दाखवायचीस. रोज. मी काय शिकवलं तुला? तोंडाला फेस असायचा माझ्या. तू काय वाट्टेल ते वाचायचीस, मला बोलताच यायचं नाही. एकदा तू मुख्यमंत्र्याला 'मूर्खमंत्री' वाचलं, तेव्हा मला इथे कापलं." त्यांनी हनुवटी वर करून दाखवली. दीना बघत राहिली. त्या सकाळी तिला आठवत होत्या, पण त्या शिकण्याच्या होत्या असं तिला कधी वाटलं नव्हतं. बाबांना पेपर वाचायला वेळ नसतो म्हणून आपण वाचून दाखवतो, अशीच तिची समजूत होती.

मग मानस लिहायला लागला. का, ते त्यालाच माहीत. दीनाला ऐकू येत होतं, त्याला बोलता येत होतं. पण मम्मी लिहिते तर आपणही लिहायचं, असं त्याने ठरवलं असावं. स्टुलावर चढून तो ओट्यावर मोठमोठी वाकडी अक्षरं काढायचा. 'ममी भुक लगली.' 'अज डाळ नको.' 'वॅन मधे मनिश नी मरलं.' मनीष हा व्हॅनमधला मोठा मुलगा होता, आणि तो मानसला रोज कोपरखळ्या मारतो हे दीनाला तेव्हा पहिल्यांदा समजलं. तोंडाने त्याने कधी सांगितलं नव्हतं.

पहिल्या पहिल्यांदा तिचा हात आपोआप पुढे जायचा. काना द्यायला, अनुस्वार द्यायला. मग तो हात अर्ध्यातून मागे यायचा. शहाणपण म्हणून नव्हे. तिथे परात ठेवायची असायची, पीठ मळायचं असायचं, आणि ओल्या फडक्याने सगळं एकदमच पुसलं जायचं, तिचंही आणि त्याचंही.

एके दिवशी ती कणीक मळत होती. मानस स्टुलावर बराच वेळ काहीतरी लिहीत होता, जीभ बाहेर काढून. लिहून झाल्यावर खाली उतरला आणि बाहेर खेळायला पळाला. तिने हात झटकले आणि वाचलं.

'ममी तु परत बोलु नको.'

ती दारापर्यंत गेली. तो अंगणात सायकल उभी करून चाक फिरवत बसला होता. तिने टाळी वाजवली, तो आला. तिने त्याच्या वाक्याखाली पिठाच्या बोटांनीच लिहिलं: का?

त्याने खडू घेतला. या वेळी लगेच लिहिलं, जणू ते कधीचं तयार होतं. 'बोलली की मॅम होते.'

लिहून झाल्यावर तो तिच्याकडे पाहत उभा राहिला. आपण काही वाईट लिहिलंय असं त्याला वाटत नव्हतं. तिने विचारलं, त्याने सांगितलं. दीनाने काही लिहावं म्हणून खडू उचलला. दिवसभर दुसऱ्यांच्या मुलांसाठी झिजवलेला आवाज घरी येईपर्यंत कसला होतो, हे त्याला कसं लिहून सांगणार? आणि सांगून तरी काय? तिने खडू ठेवला, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. केसांना पीठ लागलं. तो ते झटकत पुन्हा बाहेर पळाला. ती खाली फरशीवर बसली. बसली की उठवत नाही हे माहीत असूनही बसली. कणीक वरून सुकली तरी ती उठली नाही.

त्या दिवशी तिने ओटा पुसला नाही. बुद्धरत्न आला, हात धुवायला आत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. रोज घरी आल्यावर दिवसभरातलं उरलंसुरलं तो ओट्यावरच वाचायचा. दोन शब्द इथे, दोन तिथे. आज पूर्ण संभाषणच होतं. मग तो बाहेर आला. पोळ्या झाल्या नव्हत्या, तर कोपऱ्यावरून पोहे घेऊन आला. जेवणानंतर त्याने मोरीतली भांडी घासली. भांडी घासून झाल्यावर ओट्यावर, मानसच्या अक्षरांना धक्का न लावता, एका कडेला लिहिलं: 'मी मंगळवारची सुट्टी रविवारी मागतो. बघतो देतात का.' त्याचं अक्षर मानसहून फारसं बरं नव्हतं.

सुट्टी बदलून मिळायला बरेच दिवस लागले. गोदामात रविवार सगळ्यांनाच हवा असतो. पण मिळाली.

पुढच्या तपासणीत डॉक्टरांनी पडद्यावर पाहून मान हलवली. फुगवटे पूर्ण गेले नव्हते, पण बसत आले होते. ऑपरेशन तूर्त नको. "हळू हळू बोला. थोडं थोडं. आणि वर्गात माइक लावा." दीनाचा पहिला शब्द तिलाच परका वाटला. जाड, खोल, दुसऱ्याच कुणाचा तरी आवाज. घरी आल्यावर ती मानसला म्हणाली, "हात धू." तो दचकून बघायला लागला. मग त्याला काय वाटलं कोण जाणे, म्हणाला, "लिहून सांग ना." तिने लिहून सांगितलं.

ती शाळेत परत गेली. तास कमी करून मागितले, तर मुख्याध्यापिका म्हणाल्या, "मॅम, सबको तकलीफ है." तास तेवढेच राहिले. गळ्यात अडकवायचा माइक आणि कमरेला छोटा स्पीकर घेऊन ती शिकवायला लागली. मुलं पहिले चार दिवस हसली, मग त्यांना सवय झाली. थकवा होता तसाच होता. फक्त संध्याकाळसाठी थोडा आवाज शिल्लक राहायचा, आणि तो कसा खर्चायचा याचा ती आता विचार करायची. काही संध्याकाळी तो पुरायचा. काही संध्याकाळी ती पुन्हा मॅम व्हायची. अशा वेळी मानस खडू आणून तिच्या हातात द्यायचा. एकदा तिने तो चिडून फेकूनही दिला. तो ओट्याखाली गेला आणि कुणालाच सापडला नाही.

सहामाहीनंतर रुचीने तिला कॉरिडॉरमध्ये थांबवलं. "ताई, वाचतो आता तो. हळू वाचतो, बोट ठेवून, पण जोडतो. इंग्लिश आहे तिथेच आहे. गणित ठीकठाक. आणि एक सांगू? हिंदीत मार्क कापावे लागले मला. नमकच्या चित्राखाली 'मीठ' लिहून आला. सब्जीच्या जागी 'भाजी'. मी काय करू, सांगा?"

"काप," दीना म्हणाली. माइक बंद होता, आवाज जेमतेम पोचला. "बरोबर आहे तुझं."

"पण मला वाईट वाटलं यार."

घंटा झाली आणि दोघी आपापल्या वर्गाकडे गेल्या.

दिवाळीच्या आधीचा रविवार होता. सकाळी दीना उठायला गेली, तर बुद्धरत्नने तिला परत पांघरूण घातलं. "पडून राहा. आज मी आणि मानस पोहे करतो." आतून आवाज यायला लागले. डबे उघडल्याचे, बंद केल्याचे. मानस पुड्यावरचं एकेक अक्षर लावून वाचत होता आणि बुद्धरत्न "पुढे, पुढे काय लिहिलंय?" विचारत होता. मग पाणी सांडल्याचा आवाज आला. मग कांदा जळल्याचा वास आला, चांगलाच.

दीनाने डोळे उघडले. गॅस बारीक कर म्हणावं, असं मनात आलं. दोन शब्दांपुरता आवाज होता तिच्याकडे.

तिने कूस बदलली आणि पुन्हा डोळे मिटले.